तेविसावं पान

चेन्नईतला नोव्हेंबरचा पाऊस सांगून येत नाही आणि एकदा आला की जायचं नाव घेत नाही. मैलापूरच्या तळ्यामागच्या गल्लीत एक झेरॉक्सचं दुकान आहे. त्या संध्याकाळी तिथे सात माणसं आडोशाला उभी होती. त्यांतल्या दोघांनाच खरं तर झेरॉक्सशी काम होतं, बाकीच्यांचं छपराशी.

त्या दोघांतली एक ऊर्मी. छातीशी घट्ट धरलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तिने लिहिलेली कॉमिकची गोष्ट, आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ती मूळची सांगलीची. केंद्र सरकारच्या कचेरीत हिंदी अधिकारी म्हणून तिची इथे बदली झाली होती. चेन्नईत हिंदी अधिकारी म्हणजे उपासाच्या घरी आचारी! वेळ भरपूर होता, म्हणून ती कॉमिकच्या गोष्टी लिहायची. लिहायची सुरेख, पण चित्रकलेच्या नावाने आनंदच. तिने काढलेला हत्ती आणि तिने काढलेली किटली यांतला फरक फक्त तिलाच कळायचा. त्यामुळे चित्रकारावाचून तिचं पान हलत नव्हतं, आणि चित्रकार काही टिकत नव्हते. पहिला बारा पानं काढून गायब झाला. दुसऱ्याशी एका पानावरून तीन आठवडे वाद झाला आणि त्याने तिचा नंबरच ब्लॉक केला. दोन अर्धवट पुस्तकं तिच्या कपाटात पडून होती.

यंत्रातून कुणाचा तरी मोठा कागद बाहेर आला. सहा चौकटी, शब्द एकही नाही. एक कामगार हातमोजे घालतोय, एवढंच. पण चौथ्या चौकटीत तो त्या हातमोज्याकडे असा काही बघत होता...

"अगं बाई! याला मोजा घालायचाय की कुणाच्या आठवणीने रडायचंय?" ऊर्मी मोठ्याने बोलून गेली. इथे मराठी कुणाला कळणार होतं?

"रडत नाही तो," मागून आवाज आला. "रातपाळी करून आला आहे. निद्रा झाली नाही त्याची."

ऊर्मी गर्रकन वळली. उंच, सडपातळ, चष्म्यावर पावसाचे थेंब, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र.

"तुम्हाला मराठी येतं?"

"येतें म्हणजे? घरची भाषा आहे. तंजावूरचे आमी. तीनशे वर्षं झालीं येऊन."

"मग तीनशे वर्षांत एकदाही परत जावंसं वाटलं नाही?"

त्याने बाहेर हात काढून पाहिला. "पाऊस थांबेना," तो गंभीरपणे म्हणाला.

ऊर्मी इतकी हसली की शेजारच्या बाईंनी आपली भाजीची पिशवी जवळ ओढून घेतली.

त्याचं नाव सुधींद्र राव. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात तो कामगारांसाठी तक्ते काढायचा — यंत्र कसं धरावं, बोट कुठे घालू नये. कामगार ओरिसाचे, बिहारचे, तिरुनेलवेलीचे. सगळ्यांना एक भाषा येत नाही, म्हणून सगळं चित्रांतच सांगायचं. ऊर्मी ऐकत होती आणि टोपलीत कोवळी भेंडी दिसलेल्या गृहिणीसारखी त्याच्याकडे बघत होती.

"माझं कॉमिक काढाल?" तिने सरळ विचारलं.

"पाऊस थांबेतों वेळ आहे. सांगा गोष्ट."

तिने उभ्याउभ्याच सांगितली. जॉर्ज टाउनमधला पन्नाशीचा एक हमाल. डोक्यावर गाठोडं. पावसाने त्यावरचा पत्ता पुसला गेलाय. आता हे कुणाचं, म्हणून तो दारोदार विचारत फिरतो. गोष्ट संपली तेव्हा पाऊस केव्हाच थांबला होता आणि दुकानात ती दोघंच उरली होती. दोघांपैकी कुणीच ते बोलून दाखवलं नाही.

*

पहिलं पान गुढीपाडव्याला झालं. त्यानंतर दर रविवारी एक पान, सुधींद्रच्या घरी, माडीवरच्या खोलीत. खाली त्याच्या अम्मा, अंबुजाअम्मा, उडदाच्या पिठाची डांगरपचडी करायच्या आणि जिन्याच्या पायरीवरून ओरडायच्या, "ऊर्मी, जेवून जा गं! कागद खाऊन पोट भरत नाही!"

कामाची त्यांची रीत जगावेगळी होती. ऊर्मी पानावरची गोष्ट तोंडी सांगायची. सुधींद्र अख्खं पान काढायचा आणि बोलणाऱ्यांच्या तोंडाजवळचे फुगे रिकामे सोडायचा. मग ऊर्मी अंबाड्यातली पेन्सिल उपसून त्या फुग्यांत साध्या इंग्रजीत शब्द भरायची, म्हणजे चेन्नईत कुणालाही वाचता यावं. फुगे त्याचे, शब्द तिचे. त्याने फुग्यात कधी अक्षर लिहायचं नाही, तिने चित्रावर कधी रेघ मारायची नाही.

आणि एक कायदा होता, तो ऊर्मीचा. दुधाने तोंड पोळल्यावर ती ताकही फुंकून पीत होती ना! पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, "हे बघा, दोघांपैकी कुणालाही कुठलंही पान काढून टाकता येईल. कारण एका ओळीत लिहायचं. दुसऱ्याने त्यावर एक शब्द बोलायचा नाही. परत कधीच नाही. वादात पुस्तकं मरतात."

"सरी," सुधींद्र म्हणाला होता. तमिळमधलं 'बरं' त्याच्या मराठीत असं मिठासारखं सगळीकडे असायचं.

उन्हाळा सरेपर्यंत ती त्याला 'तू' म्हणायला लागली होती. तो मात्र 'तुमी' सोडायला तयार नव्हता.

"अरे, तुमी-तुमी काय? मी तुझ्याहून आठ महिन्यांनी लहान आहे."

"लिहिणाऱ्यांना मान द्यावा लागतो."

"आणि मला जवळचं कधी म्हणणार?"

तो मान खाली घालून शाई ढवळत राहिला. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. "तुमी म्हटलं तरी जवळचंच असतें आमच्यांत," तो हळूच म्हणाला.

ऊर्मीने ते ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं.

पानाच्या समासात तो तिच्या खोड्या काढायचा. छपाईत समास कापला जातो, म्हणून तिथे सगळं चालायचं. कधी अंबाड्यात पेन्सिल खोचलेला कावळा, कधी अंबाड्यात पेन्सिल खोचलेली म्हैस. म्हशीवरून ती आठवडाभर रुसली. पुढच्या रविवारी समासात तीच म्हैस हात जोडून उभी होती. ऊर्मी ते समास कापून डबीत ठेवायची आणि सोमवारी कचेरीत कुणी नसताना डबी उघडायची. याला काय म्हणतात ते तिला कळत नव्हतं असं नाही. बाविशीची पोर नव्हती ती.

*

गणपती बसले. त्यानंतरच्या रविवारी सुधींद्रने पान तिच्या हातात न देता पाकिटात घालून दिलं. "घरीं जाऊन पाहा," म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता जिना उतरून गेला.

तेविसावं पान. बाविसाव्याच्या शेवटी वर बघत राहिलेला हमाल इथे एका माडीखाली उभा. माडीला खिडकी. पुढच्या चौकटीत खिडकी थोडी जवळ आली, त्याच्या पुढच्यात आणखी जवळ. खिडकीत एक मुलगा चित्र काढत बसलाय. समोर एक मुलगी, तिच्या अंबाड्यात पेन्सिल. शेवटच्या चौकटीत फक्त ती दोघं, आणि दोन फुगे. मुलाच्या फुग्यात शब्द होते.

सुधींद्रने फुग्यात पहिल्यांदाच लिहिलं होतं, तेही देवनागरीत. त्याला देवनागरी ओळखण्यापुरतीच यायची, घरात ते मराठी तमिळ लिपीत लिहीत. एकेक अक्षर गिरवून काढलेलं, शाळेतल्या मुलाच्या पाटीवरच्यासारखं: 'अस्के ऐतवार इथंच बसाल का?' अस्के म्हणजे सगळे. सगळे रविवार.

मुलीचा फुगा रिकामा होता.

ऊर्मी पलंगावर बसली, उठली, गच्चीत गेली, परत आली. पान उशाशी ठेवलं आणि पुन्हा उचललं. तिला मिठी मारावीशी वाटली, त्या वेड्यावाकड्या 'ऐतवारा'ला. उत्तर तिला शोधावं लागणार नव्हतं, ते उन्हाळ्यापासून तयार होतं. फुग्यात एक अक्षर लिहायचं, बस.

पेन्सिल हातात घेतली... आणि कपाटातली दोन अर्धवट पुस्तकं तिला आठवली.

डिसेंबरच्या मध्याला शहरात कॉमिकवाल्यांचं प्रदर्शन होतं. त्यांनी टेबल घेतलं होतं. अजून पंचवीस पानं बाकी होती, आठवडे चौदा. आता 'हो' म्हटलं की रविवार गेलाच. दोन्हीकडच्या मंडळींच्या भेटी, सांगलीच्या खेपा, पत्रिका, साड्या. हमाल बिचारा बाविसाव्या पानावर गाठोडं घेऊन उभा राहणार जन्मभर! आणि लग्न झालं, काहीतरी बिनसलं, तर चित्रकारही गेला आणि तोही गेला. नको. तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे, ती स्वतःला म्हणाली. आधी पुस्तक होऊ दे. माणूस कुठे पळून जातोय?

चार दिवस तिने असे घालवले. आत्ता नको, थोडं थांब, असं त्याला प्रेमाने सांगता आलं असतं. पण त्यासाठी समोर बसून मनातलं बोलावं लागलं असतं, आणि दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालण्यात पटाईत असलेल्या या मुलीला स्वतःच्या तोंडून एक वाक्य काढायची छाती झाली नाही. म्हणून तिने कायद्याचा आधार घेतला. गुरुवारी दुपारी कचेरीतून त्याला मेसेज केला: 'पान २३ काढून टाकू. कथेला गरज नाही.'

तो समजून घेईल, असं तिला वाटलं. शहाणा आहे तो.

त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. 'सरी.'

*

त्यानंतरची पानं वेळेवर आली. आठवड्याला दोन, कधी तीन. असं काम तिने कुणाचं पाहिलं नव्हतं. हमालाच्या खांद्यांवर त्याने असं काही ओझं रेखाटलं की बघणाऱ्याचीच पाठ दुखावी.

फक्त समास कोरे यायला लागले.

आणि रविवारची बैठक बंद झाली. "अम्माकडे पाहुणे येतात सध्या," तो म्हणाला. मग तो तिरुमयिलै स्टेशनच्या जिन्याखाली उभा राहून तिला पाकीट द्यायचा आणि पुढच्या गाडीने निघून जायचा. बरंच आहे, ऊर्मीला वाटलं, वेळ वाचतो. कसले पाहुणे, हे तिने विचारलं नाही. एकदा त्याच्या कपाळाला कुंकवाचं बोट होतं, तेही तिने पाहिलं. नवरात्र आहे, इथल्या रीतीप्रमाणे घरी बाहुल्या मांडल्या असतील, म्हणून सोडून दिलं.

रात्री झोपताना मात्र ती प्रदर्शनानंतरच्या संध्याकाळचे बेत करायची. कुठली साडी, कुठलं वाक्य. वाक्य ती रोज बदलायची.

*

प्रदर्शन झकास झालं. दोन दिवस टेबलाशी गर्दी होती. हमालाची गोष्ट पोरंसोरं उभ्याने वाचत होती. मोरपंखी साडीतली ऊर्मी सह्या करत होती आणि मधूनच सुधींद्रकडे बघत होती. तो आलेल्या प्रत्येकाला पहिल्या पानावर गाठोडं काढून देत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातली एक मुलगी प्रत उलटीसुलटी करत आली. "सर, इथे एक पान निसटलंय का? तो हमाल वर बघतोय... आणि मग काहीच नाही. काय बघितलं त्याने?"

ऊर्मीचा हात सहीवर थांबला.

"निसटलं नाही," सुधींद्र तमिळमध्ये शांतपणे म्हणाला. "पुस्तक तेवढंच आहे."

मुलगी गेली. पाच वाजता लोक पांगले, बाहेर पाऊस सुरू झाला, दोघं उरलेल्या प्रती खोक्यात भरायला लागली. आता थांबायचं नाही, तिने ठरवलं. रोज घोकलेलं वाक्य अर्थातच आठवलं नाही.

"सुधींद्र, ते पान... मला कळलं होतं."

"मलाही ठावं होतं," तो प्रती रचत म्हणाला. "तुमाला कळलं नाही, असं मी चार दिवस मनाला सांगून पाहिलों. पण तुमी लिहिणाऱ्या. कळणार नाही कसं?"

"माझं उत्तर हो होतं रे. तेव्हाही होतं. आजही आहे. मी फक्त... पुस्तक होईपर्यंत थांबले होते."

प्रतीवरचा त्याचा हात तसाच राहिला.

"कुंभकोणमची एक मुलगी सांगून आली होती," तो शेवटी म्हणाला. "श्रीरंजनी. त्यांना पितृपंधरवडा लागण्याच्या आंत उत्तर पाहिजे होतं. मी अम्माला सांगितलों, मला एक आठवडा दे, एकीला विचारायचं आहे. गुरुवारी तुमची ओळ आली. शुक्रवारी अम्माला हो म्हणालों. नवरात्रांत लग्ननिश्चय झाला, पोंगल झाल्यावर लग्न."

ऊर्मीने हातातल्या प्रती टेबलावर टाकल्या. "मला सांगायचंस ना! असा मुदतीचा मामला आहे म्हणून एका शब्दाने..."

"कसं सांगू? काढून टाकलेल्या पानावर बोलायचं नाही. कायदा तुमचा."

"मोडायचा होतास!"

"तुमी मोडायचा होता," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. "नाही म्हणाला असता तर मी समजलों असतों, ऊर्मी. 'नाही'ला पण एक मान आहे. तुमी लिहिलं, गरज नाही."

बाहेर पाऊस पत्र्यावर धबाधब वाजत होता. शेजारच्या टेबलवाले हसत काहीतरी गुंडाळत होते.

"अजून लग्न झालं नाही..." ती म्हणाली आणि म्हणताना तिची तिलाच लाज वाटली.

"नाही झालं." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, आणि त्या डोळ्यांत तिला हवं ते सगळं होतं. "पण ती पण एक माणूस आहे. पुस्तक दोनदा वाचलंय तिने, हमालाचे पाय दुखतात म्हणून रडलीय. तिला मी कसं लिहू, गरज नाही म्हणून? ती ओळ वाचल्यावर काय होतें, मला ठावं आहे."

ऊर्मीचं त्याच्यावरचं प्रेम त्या क्षणी दुप्पट झालं. असल्या वेळी वाढायची प्रेमाला खोडच असते.

त्याने खोकं बांधलं, सुतळीची गाठ मारली, उगाच दोनदा तपासली. "पुढचं पुस्तक लिहाल ना?" तो म्हणाला. "मी काढतों चित्रं. श्रीरंजनीशी बोललों आहे, तिचं काही म्हणणं नाही."

चित्रकार टिकावा म्हणून या मुलीने काय नव्हतं केलं! कायदे केले, जीभ आवरली, सोन्यासारखं माणूस तीन महिने वाटेवर उभं केलं. आणि आज चित्रकार आपल्या पायांनी चालत आला होता.

"नको," ऊर्मी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि तिने ते येऊ दिलं. "दर रविवारी तुझ्या घरी यायचं, तिच्या हातची कॉफी प्यायची, आणि तुझ्यासमोर बसून तिसऱ्याच कुणाच्या तोंडी शब्द घालायचे... नाही जमणार मला. प्रेम आहे माझं तुझ्यावर. वाद घालत नाहीस म्हणून नाही, चित्रकार म्हणून नाही. तू आहेस म्हणून. एवढंच मला सप्टेंबरात म्हणायचं होतं."

सुधींद्रने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला आणि पुन्हा काढला. मग त्याने खोकं उचलून पावसातून रिक्षात ठेवलं, रिक्षावाल्याला तिचा पत्ता सांगितला, आणि पाणी तुंबलेल्या रस्त्याने जाऊ नको असंही. रिक्षा सुरू झाली तेव्हा तो आत वाकला.

"सांभाळून जा," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "...गं."

त्याने तिला पहिल्यांदाच अशी हाक मारली होती. रिक्षा वळेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही, वळल्यावर पाहिलं, तेव्हा मधे बस आली होती.

सोमवारी ती कचेरीत गेली. घरी बसून करायचं तरी काय होतं? शेजारच्या टेबलावरच्या धनलक्ष्मी मॅडमनी पुस्तक मागून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून सलग वाचलं. मग डोळे पुसत त्या ऊर्मीपाशी आल्या.

"किती सुंदर झालंय हो! आणि चित्रं तर..." त्यांनी पान हलकेच मिटलं. "ऊर्मी, असा माणूस सारखा सारखा मिळत नाही. त्याला सोडू नका बरं का."

ऊर्मी 'हो' म्हणाली.